पीतबिंदू: प्रकाशाचा घाव आणि प्रकाशाचा उपचार

नेत्ररोगांपैकीं दोन नांवें आपल्या घरोघरीं ठाऊक आहेत. आजोबांना मोतीबिंदू झाला, आत्याबाईंना काचबिंदू आहे, असें आपण सहज बोलतों. याच पंक्तीला बसणारें तिसरें एक नांव परिभाषेंत आहे, तें म्हणजे पीतबिंदू. तें उच्चारतांच ऐकणारा बहुधा विचारतो, ‘हा कोणता नवा रोग?’ वस्तुतः पीतबिंदू हा रोग नव्हेच. प्रत्येक निरोगी डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, मध्यभागीं असलेला तो सुमारें साडेपांच मिलिमीटर व्यासाचा प्रदेश आहे. आणि वाचक या क्षणीं हीं अक्षरें वाचीत आहेत तें त्याच्याच जोरावर. ज्याच्या बळावर आपण वाचतों, सुईंत दोरा ओवतों, नातवाचा चेहरा ओळखतों, त्याचें नांव ठाऊक नसावें, आणि जे दोन बिंदू दृष्टि हिरावून घेतात त्यांचीं नांवें मात्र मुखोद्गत असावीं, हा विलक्षण प्रकार आहे खरा.

आम्ही वैद्य नव्हों; इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. परंतु अलीकडे आमच्या जालना जिल्ह्यांत ‘पडद्याला सूज आली’, ‘लेसर मारून घेतला’, ‘डोळ्यांत इंजेक्शन दिलें’ हे शब्द बाजारांत, एस्. टी.च्या थांब्यावर आणि लग्नाच्या मांडवांतहि ऐकूं येतात. त्यांच्या पाठोपाठ दुसरेंहि एक वाक्य हटकून येतें: ‘अमक्यानें उपचार करून घेतला, आणि होती तीहि नजर गेली.’ या वाक्यांत सत्य किती व भय किती, हें ठरवावयाचें तर या उपचारांचा जन्म कसा झाला हें पाहिलें पाहिजे. हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण ज्या प्रकाशानें पीतबिंदू जळतो त्याच प्रकाशांतून दृष्टिपटलाचा उपचार निघाला, आणि त्या उपचारांतून पुन्हां नव्या इजा निघाल्या.

प्रथम या प्रदेशाची ओळख करून घेऊं. इ. स. १७८२ मध्यें मिलान येथील फ्रांचेस्को बुझ्झी यानें दृष्टिपटलावरील या पिवळ्या डागाचें वर्णन केलें. पुढें नऊ वर्षांनीं, १७९१ सालीं, सॅम्युएल सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञास तो स्वतंत्रपणें आढळला. पण सोमरिंगची समजूत अशी झाली कीं, मध्यभागीं एक भोंक असून त्याच्या कडेला पिवळा रंग आहे. वास्तविक तेथें भोंक नसतें; पटल तेथें अतिशय पातळ झालेलें असतें, इतकेंच. दृष्टीचें जें सर्वांत तीक्ष्ण स्थान तेंच पहाणाऱ्याला रिकामें छिद्र वाटावें, ही शास्त्राच्या इतिहासांतील एक मौजेची गोष्ट आहे. हा पिवळा रंग ज्या द्रव्यांचा, तीं ल्यूटीन व झिॲझँथिन हीं द्रव्यें आपलें शरीर तयार करूं शकत नाहीं. पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक अशा अन्नांतून तीं येतात. निळ्या प्रकाशाचा बराचसा भाग तीं शोषून घेतात आणि खालच्या नाजूक पेशींवर जणूं एक पिवळी चाळणी धरतात. या चाळणीचा उल्लेख पुढें पुन्हां येईल, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

जिवंत माणसाच्या डोळ्यांत डोकावून हा प्रदेश पहातां येऊं लागला तो १८५१ पासून. त्या वर्षीं हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यानें आपल्या नेत्रदर्शक यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. तोंवर ज्या रुग्णाचा डोळा बाहेरून स्वच्छ आहे आणि तरीहि ज्यास दिसत नाहीं, त्याच्याविषयीं वैद्याजवळ बोलावयास कांहींच नसे. यंत्र हातीं येतांच एकामागून एक रोग दिसूं लागले. १८६६ सालीं आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यानें पीतबिंदूखालीं पाणी साचण्याच्या विकाराचें वर्णन केलें. १९०५ मध्यें फ्रीड्रिख बेस्ट यानें व १९०९ मध्यें कार्ल स्टारगार्ट यानें वंशपरंपरेनें येणारे, लहान वयांतच मधली दृष्टि नेणारे दोन विकार नोंदविले. ते रोग आजहि त्या दोघांच्या नांवांनीं ओळखले जातात.

परंतु बाहेरून स्वच्छ दिसणारा डोळा आंतून निकामी होऊं शकतो, ही जाणीव मात्र यंत्राहून फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोगांचा जो विस्तृत विचार आहे, त्यांत दृष्टिनाशाचा एक प्रकार असा सांगितला आहे कीं, देव, ऋषि, गंधर्व, महासर्प किंवा तेजस्वी पदार्थ यांच्या दर्शनानें तो होतो, आणि तेथें डोळा पहावा तर निर्मळ व वैदूर्याच्या रंगाचा दिसतो. गंधर्वांची गोष्ट बाजूला ठेवली तरी ‘तेजस्वी पदार्थ’ आणि ‘डोळा निर्मळ’ या दोन खुणा एकत्र वाचल्यावर, सूर्याकडे टक लावून पाहिल्यानें होणारा पीतबिंदूचा दाह डोळ्यांपुढें उभा रहातो. ग्रीकांनाहि हें ठाऊक होतें. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादांत सॉक्रेटिस म्हणतो कीं, ग्रहणकाळीं सूर्याचें पाण्यांतील प्रतिबिंब न पाहतां त्याच्याकडे प्रत्यक्ष पहाणारे लोक आपले डोळे गमावून बसतात. आपल्याकडे ग्रहण ताटांतल्या पाण्यांत पहाण्याची जी रीत घरोघर होती, तिचें मूळ याच अनुभवांत असावें. स्थिर पाणी आपल्यावर सरळ पडलेल्या प्रकाशाचा केवळ दोन टक्क्यांच्या आसपास भाग परत फेंकतें. ही रीत आजच्या कसोटीस पूर्ण निर्धोक ठरत नाहीं. तरीपण ती निव्वळ भोळसटपणाची खचित नव्हती.

महाराष्ट्राच्या भूमीवरून गेलेलें एक थोर ग्रहण २२ जानेवारी १८९८ चें होय. खग्रासाचा पट्टा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून शिरून ईशान्येकडे वऱ्हाडापर्यंत व त्यापलीकडे गेला. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला व अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे ज्योतिषी, वऱ्हाडांत तळणी येथें ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी, अशा छावण्या पडल्या होत्या. जालना या पट्ट्याच्या उत्तरेस राहिलें. म्हणजे तेथें ग्रहण मोठें होतें, तरी खंडग्रासच. खग्रासाचे क्षण गेल्याची हळहळ कोणी करील; पण डोळ्यांच्या दृष्टीनें खंडग्रास हेंच अधिक दगलबाज. एरवीं दुपारच्या सूर्याकडे कोणीहि क्षणाहून अधिक पाहूं शकत नाहीं. झगमगाटच डोळा मिटावयास लावतो. ग्रहणांत एकंदर प्रकाश घटतो, माणूस निर्भय होऊन टक लावतो, बाहुलीहि विस्फारते. आणि सूर्याची जी कोर शिल्लक असते तिचें तेज मात्र इंचाइंचाला पूर्वीइतकेंच असतें. काजळी धरलेल्या कांचेनें डोळा सुखावतो, परंतु न दिसणारे किरण तिच्यांतून निसटतात. त्या काळीं कांचेला काजळी धरण्यापलीकडे सामान्यांजवळ साधन नव्हतें.

आतां अशाच एका खंडग्रासाकडे वळूं. जुलै १९४५. महायुद्ध युरोपांत संपून दोन महिने झाले होते आणि हँबुर्ग शहर बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेलें होतें. त्या महिन्यांत तेथून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलें. तें उघड्या डोळ्यांनीं पाहून दृष्टि बिघडलेला एक वैद्यकीय विद्यार्थी गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण नेत्रवैद्याकडे आला. त्याच्या पीतबिंदूवर उमटलेला भाजल्याचा लहानसा, रेखीव व्रण पहातां पहातां मायर-श्विकेराथच्या मनांत एक निराळाच विचार आला. दृष्टिपटलाला भोंक पडलें कीं पटल मागच्या थरापासून सुटूं लागतें. तें भोंक बंद केल्यावांचून पटल जागीं बसत नाहीं, हें स्वित्झर्लंडमधील लोझान येथील झ्यूल गोनँ यानें १९२० नंतरच्या काळांत सिद्ध केलें होतें. तो डोळ्याला बाहेरून तापलेल्या सुईनें डाग देऊन तें बंद करीत असे. सूर्य जर डोळा न फोडतां, आंतच, हवा तेथें डाग देऊं शकतो, तर भोंकाच्या कडेनें तोच डाग आपण मुद्दाम कां देऊं नये?

मायर-श्विकेराथनें पहिले प्रयोग सूर्यावरच केले. रुग्णालयाच्या छपरावर आरसे बसवून सूर्याचा किरण खालीं रुग्णाच्या डोळ्यांत उतरविला. १९४९ सालीं त्यास यश मिळालें. पण हँबुर्गचें आभाळ आपल्या मराठवाड्यासारखें नव्हे. तेथें ढगांचें राज्य. सूर्य आज्ञेंत रहात नाहीं म्हणून तो कार्बनच्या कमानदिव्याकडे वळला, आणि पुढें त्साइस कंपनीच्या हान्स लिटमान याच्या साह्यानें १९५० नंतरच्या दशकांत झेनॉन-दिव्याचें यंत्र सिद्ध झालें. १९६० मध्यें अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें पहिला लेसर चालवून दाखविला, आणि तीनचार वर्षांच्या आंत नेत्रवैद्यांनीं तो मानवी डोळ्यांवर लावला. १९६८ च्या सुमारास फ्रान्सिस लेस्पेरान्स यानें अर्गॉन लेसर वापरात आणला. दृष्टिपटलाच्या चिकित्सेंत पुढें अनेक वर्षें त्याचाच अंमल राहिला.

येथें इतिहासकारानें एक टांचणी लावून ठेवावी. १९७६ सालीं हॅम व त्याचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, निळ्या लहान तरंगांचा प्रकाश पटलाला उष्णतेनें भाजण्यापूर्वींच रासायनिक रीतीनें इजा करतो. ग्रहणाचा घाव बहुतांशीं याच जातीचा. त्यांत ताप हा दुय्यम. म्हणजे हँबुर्गच्या वैद्यानें ज्या व्रणाला ‘भाजणें’ समजून आपलें यंत्र रचिलें, तो व्रण पुरता तसा नव्हताच. अनुमान थोडें चुकलें, उपचार मात्र खरा निघाला. शास्त्राच्या वाटेवर असेंहि घडतें; परंतु त्याचा मोबदला पुढें द्यावा लागतो, आणि तो येथेंहि द्यावा लागला.

पीतबिंदूवरील पिवळी चाळणी वाचकांस आठवत असेल. अर्गॉन लेसरचा प्रकाश निळा-हिरवा. मध्याजवळ तो टाकतांच निळा भाग त्या पिवळ्या द्रव्यांनीं शोषून घेतला, आणि ज्या थराला इजा व्हावयास नको तोच भाजला गेला. निसर्गानें संरक्षणार्थ घातलेली चाळणीच उपचाराच्या वेळीं घातक ठरली. हें ध्यानीं आल्यावर पीतबिंदूजवळ निळा प्रकाश वर्ज्य झाला आणि हिरवा, पुढें पिवळा, वापरण्याची वहिवाट पडली. लेसरचा व्रण वर्षानुवर्षें हळूहळू पसरतो व मध्याकडे सरकतो. व्रणाच्या जागींच नव्या दुबळ्या रक्तवाहिन्या उगवूं शकतात. उपचाराच्या क्षणीं रुग्णानें डोळा हलविला तर डाग नेमका मध्यावर बसतो. हे सारे धडे असेच एकेक करून, रुग्णांच्या डोळ्यांच्या मोलानें, शिकले गेले.

तरीहि लेसर टिकला, तो केवळ श्रद्धेवर नव्हे. अमेरिकेंत मधुमेही दृष्टिपटलाविषयीं झालेल्या मोठ्या तुलनात्मक परीक्षेचे निष्कर्ष १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. पटलाच्या कडेच्या भागावर शेंकडों डाग दिल्यानें तीव्र दृष्टिनाशाचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटतें, असें त्यांत दिसून आलें. १९८५ सालीं दुसऱ्या एका परीक्षेनें दाखविलें कीं, मधुमेहानें पीतबिंदूला सूज आलेल्या रुग्णांत मोजके डाग दिल्यास, तीन वर्षांत दृष्टि लक्षणीय घटण्याचें प्रमाण २४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतें. हे आंकडे नीट वाचावेत. उपचार घेऊनहि १२ टक्के लोकांची नजर घटलीच. गांवांत परत आलेला तो बारांतला एक असेल तर ‘लेसरनें नजर घालविली’ असें लोक म्हणणारच. आणि लेसर न घेतां जी आणखी बारा जणांची गेली असती, त्यांची गोष्ट कोणीच सांगणार नाहीं, कारण ती घडलेलीच नाहीं. टळलेल्या संकटाला साक्षीदार नसतो.

कडेचा त्याग करून मध्य राखणें हें या लेसरचें तत्त्व. तें युद्धशास्त्रासारखें आहे: बाहेरचीं ठाणीं सोडून बालेकिल्ला लढवावयाचा. परंतु सोडलेलीं ठाणीं कोणाचीं, हेंहि पहावें लागतें. कडेची दृष्टि गेली कीं अंधारांत दिसणें उणें होतें. शहरांतल्या कारकुनाला त्याची फारशी झळ लागत नाहीं. मराठवाड्यांतील शेतकऱ्याला पंपाची वीज पुष्कळदां रात्रीं मिळते. तो बाराच्या ठोक्याला दारें धरावयास बांधावरून जातो, आणि पायांखालीं दोरी आहे कीं साप आहे हें त्यास त्या उरलेल्या कडेनेंच ओळखावें लागतें. त्याला लेसर देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. न दिल्यास त्याचा बालेकिल्लाच जाईल. पण त्यास हें आधीं सांगितलें पाहिजे, म्हणजे तो हातांत कंदील घेऊन किंवा मुलाला बरोबर घेऊन जाईल.

याहूनहि अवघड प्रसंग पीतबिंदूच्या ऐन मध्याखालीं नव्या रक्तवाहिन्या वाढतात तेव्हांचा. वार्धक्यांत होणारा हा विकार मधली दृष्टि झपाट्यानें नेतो. १९९० च्या आसपास अमेरिकेंतील परीक्षेंत दिसून आलें कीं, अशा वेळीं लेसर दिल्यास दृष्टि तत्काळ घटते. पण न दिल्यास दोन वर्षांनीं ती त्याहूनहि खालीं जाते. आज हमखास गमवावें म्हणजे उद्यां थोडें अधिक उरेल, अशी ही निवड. ती रुग्णाच्या वतीनें कोणी परस्पर करावयाची नसते.

या पेचांतून वाट निघाली ती औषधांची. २००० सालीं अमेरिकेंत व्हर्टेपोर्फिन या द्रव्यास मान्यता मिळाली. तें शिरेंतून देऊन मंद लेसरनें केवळ त्या नव्या वाहिन्यांपुरतें जागवावयाचें. त्याची अट अशी कीं, रुग्णानें पुढें पांच दिवस उन्हाचें दर्शन घ्यावयाचें नाहीं. प्रकाशाचा घाव, प्रकाशाचा उपचार, आणि उपचारानंतर पुन्हां प्रकाशाचें भय, असें तें वर्तुळ होतें. दरम्यान, १९८९ मध्यें रक्तवाहिन्यांची वाढ चेतविणारें एक प्रथिन ओळखलें गेलें होतें. त्याला रोखणारें रॅनिबिझुमॅब हें औषध २००६ सालीं मान्य झालें. तें बारीक सुईनें थेट डोळ्यांत देतात. आतांपर्यंतचे उपचार ऱ्हास मंदावीत होते. या औषधानें अनेकांची गेलेली दृष्टि कांहीं अंशीं परत आली. त्याआधींच, २००५ सालीं, फिलिप रोझेनफेल्ड यानें आंतड्याच्या कर्करोगासाठीं मान्य झालेलें त्याच कुळांतलें बेव्हॅसिझुमॅब डोळ्यांत देऊन पाहिलें होतें. अमेरिकेंत एकाच्या मात्रेस सुमारें २,००० डॉलर पडत, दुसरीस सुमारें ५०. आणि २०११ सालच्या परीक्षेंत दृष्टीच्या बाबतींत दोन्ही सारखींच ठरलीं.

गरीब देशांना ही पर्वणीच होती. पण स्वस्ताईच्या पोटांत एक धोका होता. कर्करोगासाठींची कुपी मोठी, डोळ्याला लागणारी मात्रा एका थेंबाइतकी. म्हणून एक कुपी अनेक पिचकाऱ्यांत वांटावी लागते. वांटतांना शुद्धतेंत अणुमात्र कसर राहिली, तर त्या दिवशींच्या सर्व डोळ्यांत एकदम पू होण्याचें भय. जानेवारी २०१६ मध्यें गुजरातेंत कांहीं रुग्णांना या औषधानंतर डोळ्यांत अशी तीव्र बाधा झाली, आणि देशाच्या औषध-नियंत्रकांनीं त्याच्या नेत्रोपयोगाविरुद्ध इशारा काढला. नेत्रवैद्यांच्या संघटनांनीं दाद मागितली. ज्याला महाग औषध परवडत नाहीं त्यानें काय करावें, हा त्यांचा प्रश्न होता. मार्च २०१६ मध्यें तो इशारा मागें घेण्यांत आला. एरवीं, दक्षतेनें दिलेल्या इंजेक्शनानंतर अशी बाधा दोन ते तीन हजारांत एखाद्यालाच होते. पण तो एक कोण हें आधीं कळत नाहीं. म्हणून इंजेक्शनानंतरच्या पहिल्या आठवड्यांत डोळा दुखूं लागला, लाल झाला किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशीं परत यावें, ही सूचना इंजेक्शनाइतकीच महत्त्वाची ठरते.

आतां जालन्याकडे वळूं. निजामाच्या राज्यांतील हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरांत भारतांत आला, आणि १ मे १९८१ रोजीं औरंगाबादपासून वेगळा काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. समर्थांचें जांब येथलेंच, आणि १८०३ सालच्या लढाईचें असई गांवहि येथलेंच. जालन्याची अलीकडची ओळख बियाण्यांची व पोलादाची. १९६४ सालीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्याच पुढाकारानें जालन्यांत श्री गणपती नेत्रालय उभें राहिलें. पूर्वीं दृष्टिपटलाच्या रोग्यास मुंबई, हैदराबाद किंवा मद्रास गांठावें लागे. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीच्या माणसाला तें अंतर बहुधा अशक्यच होतें. ज्या जिल्ह्यानें बियाणें घरोघर पोंचविलें त्यानें नेत्रचिकित्साहि खेड्याच्या आटोक्यांत आणावी, हें यथायोग्यच झालें.

मात्र अंतर कमी झाल्यानें सर्व प्रश्न सुटले असें नाहीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदां होते आणि माणूस पाहूं लागतो. पीतबिंदूचें इंजेक्शन महिन्या-महिन्यानें घ्यावें लागतें, आणि बहुधा त्याचें फळ ‘होती ती नजर टिकली’ एवढेंच असतें. सुगीच्या दिवसांत एक खेप चुकते, मग दुसरी. २०१५ ते २०१९ या काळांतील राष्ट्रीय पाहणींत, पन्नाशीच्या पुढील मधुमेह्यांपैकीं सुमारें १७ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम आढळला. यांतील बहुतेकांना आरंभीं कांहींच जाणवत नाहीं. शिवाय पीतबिंदूला औषधांपासूनहि इजा होते. हिंवतापावरील क्लोरोक्विन दीर्घकाळ घेतल्यास मध्याभोंवतीं व्रण पडतो, हें १९५९ पासून ज्ञात आहे. आणि दुकानांतून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडनें फॉन ग्रेफेनें वर्णिलेला तो पाणी सांचण्याचा विकार होऊं शकतो. हा विकार बहुधा तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतो. तेथें उत्तम उपचार म्हणजे धीर धरणें, आणि अधीर रोग्याला हेंच पटविणें सर्वांत कठिण. आमच्या पोलादाच्या कारखान्यांतून जोडकाम करणाऱ्या कामगारांचाहि प्रश्न आहे. वेल्डिंगच्या ठिणगीनें डोळ्याचा पुढचा भाग चुरचुरतो हें ते जाणतात. पण मुखवट्यावांचून त्या निळसर ज्वाळेकडे वारंवार पाहिल्यानें आंतला पीतबिंदूहि दुखावूं शकतो, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें.

आणि आतां या जुन्या इतिहासांत एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. २०२२ व २०२३ सालच्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकींनंतर कोल्हापूर, नाशिक, पुणें अशा शहरांतून तरुणांच्या दृष्टिपटलांत रक्तस्राव व दाह झाल्याच्या बातम्या आल्या. कारण, मिरवणुकींत सोडलेले तीव्र लेसर-किरण. पुण्यांत २०२४ सालीं त्यांवर बंदीचे हुकूम निघाले. जें साधन नेत्रवैद्य अर्धमूर्च्छित प्रकाशाच्या खोलींत, रुग्णाची हनुवटी टेकवून, सेकंदाचा दहावा हिस्सा मोजून वापरतो, तेंच आपण विद्येच्या देवतेसमोर गर्दीवर उधळावें, याला काय म्हणावें? ग्रहणाला भिणारे आमचे आजे-पणजे या बाबतींत आमच्याहून शहाणे होते, असें म्हणणें भाग पडतें.

या सर्व वृत्तान्ताचा इत्यर्थ आम्हांस असा दिसतो. दृष्टिपटलाच्या चिकित्सेंत निरुपद्रवी असा उपचार आजवर झालेला नाहीं. मोजलेला उपद्रव आणि न मोजलेला उपद्रव, एवढाच भेद आहे. सूर्य, कमानदिवा, लेसर, सुई, प्रत्येकानें कांहीं दिलें व कांहीं घेतलें. आणि घेतलेलें प्रामाणिकपणें नोंदलें गेलें म्हणूनच पुढचें साधन अधिक सौम्य झालें. निळा प्रकाश सोडून हिरवा घेतला गेला तो भाजलेल्या डोळ्यांची नोंद लपविली नाहीं म्हणून. मग हीच नोंद रुग्णापासून कां लपवावी? ‘कांहीं होत नाहीं, काळजी करूं नका’ हें वाक्य धीर देण्यासाठीं बोललें जातें, यांत शंका नाहीं. पण पुढें कांहीं झालें, तर त्या एका वाक्यानें आसपासच्या दहा गांवांचा विश्वास उडतो, आणि ज्यांची नजर वांचली असती ते घरींच बसून राहतात. खरें बोलून थोडे रुग्ण प्रथम कचरतील. परंतु जे येतील ते दुसऱ्या व तिसऱ्या खेपेसहि येतील.

वाचकांच्या घरांत वडील मंडळी असतीलच. त्यांना एक डोळा झांकून दाराच्या चौकटीकडे, मग दुसरा झांकून पुन्हां तिच्याकडे पहावयास सांगावें. चौकट वांकडी दिसली, किंवा समोरच्याच्या चेहऱ्याच्या मध्यभागीं धुकट डाग वाटला, तर ‘वय झालें’ म्हणून सोडून देऊं नये. मधुमेह असेल त्यानें तर कांहींहि वाटत नसतांनाच वर्षांतून एकदां पडदा तपासून घ्यावा. आणि वैद्यानें उपचार सांगितला कीं त्यास तीन गोष्टी विचाराव्या: यानें काय मिळेल, काय जाईल, आणि कांहींच न केल्यास काय होईल. हे प्रश्न विचारण्यांत वैद्याचा अवमान नाहीं. पाऊणशें वर्षें नेत्रवैद्य स्वतःला हेच प्रश्न विचारीत आले आहेत.